टाकीतला माणूस

ज्या बाईच्या जिवावर माझा धंदा उभा राहिला, ती घरातच बसून असते, तिचं तिलाच होत नाही, असं मी एकदा एका मोठ्या माणसाला हसत हसत सांगितलं. ती बाई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. मी हे बोलत होतो तेव्हा ती माझ्यापासून चार हातांवर होती. पाण्याच्या टाकीत उतरून, गुडघ्यांवर बसून, तळ घासत होती. आणि टाकीत सगळं ऐकू येतं. बाहेरचं कुजबुजणंसुद्धा आत मोठं होऊन घुमतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी टाकीत कधी उतरलोच नव्हतो. टाकीच्या तोंडातून माझे खांदे जात नव्हते.

मागे आमच्या भागातल्या एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला, आणि निवेदकाने सांगितलं की टाक्या धुण्यासारख्या दुर्लक्षित कामातून यांनी कल्पकतेने व्यवसाय उभा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही बहीण, कुसुमताई, पहिल्या रांगेत बसली होती, तिनेही वाजवल्या. त्या दिवसापासून हे लिहून काढायचं डोक्यात आहे. त्या सगळ्या गोष्टीत कल्पक असं जे काही होतं ते माझं नव्हतं. माझं जे होतं ते इथे लिहितो आहे.

आमचं घर बुलढाण्याकडच्या धाड गावात, बाजाराच्या मैदानामागे. आबांचा दोन एकर भाजीपाला होता, वांगी, मिरची, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तसंच म्हणतात. पहाटे आबा अंगणात बसून जुड्यांवर पाणी शिंपडत, त्या पाण्याचा बारीक सपसप आवाज अजून कानात आहे. मग आईचा स्टोव्ह भरभरायला लागे, मग बुलढाण्याकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीचा हॉर्न. पण सगळ्यांत महत्त्वाचा आवाज नळाचा. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, आणि पाण्याआधी त्यातून हवा फसफसायची. ती फसफस ऐकली की आई तव्यावरची भाकरी तशीच सोडून धावायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची काळपट भाकरी, तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि पाट्यावर रगडलेला ठेचा हे आमचं रोजचं जेवण, पण नळाच्या दिवशी भाकरी हमखास करपलेली असायची आणि त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. पाणी आलं की आधी हंडे, मग पिंप, मग छतावरची काळी टाकी. पुढचे दहा दिवस ते पाणी पुरवायचं. अख्ख्या गावाचं असंच चालायचं, त्यामुळे छतांवर टाक्याच टाक्या होत्या. त्या आतून कशा आहेत हे मात्र कोणी कधी वाकून पाहत नव्हतं.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दिवाळीला म्हणून एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली आणि परत गेली नाही. काऊन, म्हणजे का, ते आबांनी विचारलं नाही. आईने विचारलं, ताईने सांगितलं असावं, पण ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. नळावर बाया आईला विचारायच्या, "कुसुम काऊन इतके दिवस राह्यली वं?" आणि आई म्हणायची, "पाणी मानवते तिले इथलं." मी तेव्हा बारावीत दोनदा नापास होऊन एका मोबाईलच्या दुकानात कव्हरं विकत होतो आणि आपलं स्वतःचं काहीतरी असावं, दारावर पाटी असावी, पाटीवर आपलं नाव असावं, एवढं एकच स्वप्न पाहत होतो. कशाची पाटी ते ठरलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात आमच्या पाण्याला वास यायला लागला. मी छतावर गेलो, टाकीत हात घातला आणि काढून घेतला. वाकून उतरायचा प्रयत्न केला तर छातीशीच अडकलो, आणि खालून ताई हसत सुटली. "अबे गज्या, भरताचं वांगं बाटलीत जाते काय? सरक." साडीचा काचा मारून ती सळसळत आत गेली. पुढचा तासभर टाकीतून तिचा आवाज येत राहिला. तिला कामात गायची सवय होती, आणि गाणी ती जागच्या जागी करायची.

"टाकी वं टाकी, तुह्या पोटात काय काय?
दोन पिसं, एक चेंडू, अन् आईची सुई हाय!"

टाकीत तो आवाज असा काही घुमायचा, की शेजारची काकू आपल्या गच्चीवर येऊन उभी राहिली. ताई बाहेर आली ती बादलीभर काळा गाळ घेऊन. काकूने तो पाहिला, आपल्या टाकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुसुम, माह्यावाल्याही टाकीत उतर ना वं जराशी." ती आमचं पहिलं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी तिच्या जाऊबाई आल्या. आठवड्याभरात पाच घरं झाली, आणि मला कळलं की माझ्या पाटीवर काय लिहायचं आहे.

कामाची रीत ताईने बसवली. टाकी धुवायची ती नळ यायच्या दिवशी सकाळी, कारण तेव्हाच ती रिकामी असते. नाहीतर दहा दिवसांचं पाणी ओतून देणार कोण? म्हणून तिने पाणी सोडणाऱ्या माणसाकडून कोणत्या गल्लीला कधी नळ येतो ते विचारून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं. टाकीचं झाकण आधी तासभर उघडं ठेवायचं. मग शिंदीचा कोरा झाडू, नारळाची शेंडी, कडांना बसलेल्या पांढऱ्या क्षारांवर चिंचेचा कोळ, मग ब्लीचिंग पावडरचं पाणी, मग तीनदा खळखळून धुणं, आणि शेवटी जुन्या सुती लुगड्याने कोरडं पुसणं. पुसून झालं की ती आतून बोट फिरवून पाही आणि ते बोट हुंगून पाही. वास आला की पुन्हा पहिल्यापासून. माझं काम होतं मोपेड चालवणं, बादल्या वर ओढणं आणि लोकांशी बोलणं.

बोलणं माझ्याकडे होतं, तिथेच सगळं बिघडलं. मी पाटी केली, "निर्मळ टाकी धुलाई केंद्र", आणि खाली माझं नाव, मालक म्हणून. हाताखाली कोण आहे असं लोक विचारू लागले. सासरहून परत आलेली बहीण लोकांच्या छतांवर चढते, काचा मारून टाकीत उतरते, हे सांगायची मला लाज वाटली. आईलाही वाटत होती, पण ते आईवर ढकलणार नाही. ठरवलं मी. ताईने आबांचा जुना शर्ट आणि पायजमा घालायचा, तोंडाला, डोक्याला रुमाल गुंडाळायचा, आणि कोणाच्या दारात बोलायचं नाही. गाणं तर अजिबात नाही.

"मंग पाणी पाहिजे तर तुले सांगू कसं?" तिने विचारलं.

"टकटक कर. एकदा वाजवलं तर पाणी, दोनदा वाजवलं तर बादली, तीनदा वाजवलं तर तुले बाहेर काढीन."

"तोंड हाय की मले," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून टकटक करायला लागली. आज आमच्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलींना ताई पहिल्या दिवशी सांगते की आत सतत बोलत राहायचं, गात राहायचं, म्हणजे वरच्याला कळतं की तुम्ही ठीक आहात. आवाज थांबला की वरच्याने लगेच वाकून पाहायचं. हे ऐकताना मी दर वेळी दुसरीकडे बघतो. मी तिला दीड वर्ष आत मुकं ठेवलं होतं.

मग ती आखाजी आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. कोरी मातीची घागर, तिच्यात स्वच्छ पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, नाहीतर आंबा, आणि पळसाच्या पानावर पुरणपोळी, आमरस, कुरडया, चिंचवणी. गेलेल्या माणसांना उन्हाळ्याची तहान लागते, ते त्या दिवशी पाण्यासाठी येतात, असं मानतात. एरवी टाकीत काय आहे ते न पाहणारा माणूसही त्या आठवड्यात पाहतो. शेजारच्या गावातले एक मोठे शेतकरी होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या शब्दावर चार गावं चालायची. त्यांनी निरोप धाडला की आखाजीच्या आधी आमची टाकी धुऊन द्या. मला वाटलं, तात्यांची टाकी मिळाली म्हणजे चार गावं मिळाली.

टाकी सिमेंटची, स्वयंपाकघराच्या बुटक्या छतावर, तोंड चौकोनी आणि अरुंद. ताई आत उतरली. थोड्या वेळाने तात्या स्वतः जिना चढून वर आले, धोतराचा सोगा सावरत. पाण्याची बाब होती, त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

"आत कोण हाय?"

"माणूस हाय तात्या आमचा."

"बाई-गिई नाही ना? पितरायचं पाणी हाय बाबू. बाईमाणूस कोणत्या दिवसातली असन, सांगता येते काय? गावात कोणी म्हणत होतं, तू तुह्या बहिणीलेच घेऊन फिरतो म्हणून."

मी तेव्हा हसलो. ते हसू मला अजून आठवतं, तोंडातली चव आठवावी तसं.

"छ्या, तात्या! बाईले कायले उतरवीन मी टाकीत, इतकंही समजत नाही काय मले? अन् बहिणीचं काय घेऊन बसले, ते तर घरीच बसून असते. तिचं तिलेच होत नाही, ते काय लोकायचं धुईन?"

तात्या समाधानाने खाली गेले. आत घासायचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला, आधीसारखाच, एका लयीत. काम अर्धवट टाकणं तिला माहीत नव्हतं. पुसून झालं, आणि मग तीनदा टकटक झाली. मी हात दिला. तिने तो धरला नाही, कडेला कोपर टेकवून स्वतः वर आली. रुमालातून फक्त डोळे दिसत होते आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

घरापर्यंत मोपेडवर ती मागे बसून होती, मांडीवर बादल्या. संध्याकाळी तिने भाकरी थापल्या, आबांना वाढलं, मला वाढलं, ठेचा वाढला. माझ्या ताटात पापुद्रा फुगलेली चांगली भाकरी पडली, करपलेली तिने स्वतःला घेतली. मग हात धुता धुता म्हणाली, "आखाजी झाली की मी काही येत नाही गज्या. तू मालक हाय, पाहून घे." मी विचारलं नाही की काय झालं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

मी एक शिडशिडीत माणूस ठेवला. त्याने दोन टाक्या वरवर पाण्याने विसळल्या, आणि तिसऱ्या टाकीत बसून बिडी ओढली. त्या घरची बाई दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आली, हातात तांब्या. "घे, पिऊन पाह्य." मी प्यायलो. पुढचे चार महिने लोकांनी मला टाकीवाला म्हणणं सोडून बिडीवाला म्हणायला सुरुवात केली. पावसाळाभर मोपेड दारात उभी होती आणि पाटीवर कोंबड्या बसत होत्या. मी पुन्हा मोबाईलच्या दुकानात जायची भाषा करू लागलो. आबा कधी माझ्या भानगडीत पडत नसत, पण एकदा सांबाराच्या जुड्या बांधता बांधता म्हणाले, "वांगं कोणी पिकवलं ते बाजारात सांगा लागते रे गजानन. नाही सांगितलं तर वांगं काही बोलत नाही, पण पिकवणाऱ्याचं मन मोडते." मला वाटलं ते शेतीचं बोलत आहेत.

दसऱ्याच्या आधीचा बाजार. घरोघर साफसफाई चाललेली. मी उशिरा मैदानावर गेलो तर आबांच्या दुकानासमोर ही गर्दी. पोत्यावर एका बाजूला वांगी, दुसऱ्या बाजूला मिरच्या, आणि मधोमध काचेच्या सात बरण्या. त्यांच्यामागे ताई, तोंड उघडं, कपाळाला मोठं कुंकू, हिरव्या नऊवारीचा पदर खोचलेला. बरण्यांमध्ये गाळ होता. पूर्वी ती प्रत्येक टाकीतला मूठभर गाळ घरच्या बाईला दाखवायला बाजूला काढायची. लोकांना लाज वाटते म्हणून मी ते बंद केलं होतं. तिने ते बंद केलं नव्हतं, नुसतं मला दाखवणं बंद केलं होतं. बरण्यांवर नुसती गल्ल्यांची नावं होती, कोणाच्या घराचं नाव नव्हतं.

एक म्हातारी वाकून म्हणाली, "काय वं पोरी, लोणचं हाय काय हे?"

"हाव मावशी, टाकीचं लोणचं. तुमच्याही घरी मुरून राह्यलं असन."

"इश्श! हे आमच्या गल्लीतलं म्हणते?"

"पाह्यजा, पीस हाय, पालीची शेपटी हाय, अन् हे चमकते ते कोणाचं तरी पैंजणाचं घुंगरू हाय. ज्याचं असन त्यानं घेऊन जा."

हसण्याची लाट उठली. गर्दीतून कोणीतरी टोमणा मारला, "कुसुम, सासरी नांदाचं सोडून टाक्यायत काऊन नांदून राह्यली?" मी मागे होतो, माझे कान तापले. ताईने मान वर केली नाही, मिरच्या निवडत म्हणाली, "टाकीत सासू नसते ना काकू. अन् घासलं की चमकते तरी." त्या काकूच्या शेजारची बाई आधी हसली, मग काकू स्वतः हसली, आणि मग म्हणाली, "बरं ये मंग गुरुवारी. आमच्या गल्लीले नळ हाय." उन्हं उतरेपर्यंत एकवीस घरांनी तिला बोलावलं. आबा वांगी विकायचे थांबून हे पाहत होते. त्या दिवशी त्यांची निम्मी वांगी घरी आली आणि आठवडाभर आम्ही भरीत खाल्लं. इतकं गोड भरीत मी पुन्हा खाल्लं नाही.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. गाडी माझ्याकडे होती, एकवीस घरं तिच्याकडे. तिने तीन अटी घातल्या. तोंड झाकणार नाही. पाटीवर तिचं नाव. आणि टाकीत गाणार. मी तिन्ही मान्य केल्या. इथे मला खरं लिहायला हवं. मी माफी मागितली नाही, नुसत्या अटी मान्य केल्या. धंद्याची बोलणी केली आणि आपण मोठं मन केलं अशी स्वतःची समजूत घातली.

मग जे सुरू झालं ते आठवलं की अजून अंगात उत्साह येतो. स्टँडजवळच्या भिंतीवर आम्ही रंगवून घेतलं, "कुसुमताई टाकी धुलाई, धाड". पेंटरने बाईचं चित्र काढायचं म्हणून डोक्यावर पदर आणि हातात आरतीचं ताट काढलं होतं. ताईने उभं राहून ते ताट पुसून घेतलं आणि झाडू काढायला लावला. जीपमधून जाणारे लोक ते वाचायचे, हसायचे आणि घरी जाऊन सांगायचे. आम्हाला आधी न कळलेली गोष्ट अशी, की दिवसा पुरुष शेतात असतात. घरी एकटी सून असली तर माझ्यासारख्या माणसाला ती छतावर जाऊ देईना, पण ताईला आत बोलवायची, चहा द्यायची, सासूची चुगली करायची. जी गोष्ट झाकली तर धंदा चालेल असं मी समजत होतो, तीच उघड केल्यावर तो चालला. ताईचं गाणं चालू असलं की गल्लीला कळायचं की आज कोणाची टाकी धुतली जाते आहे, आणि ज्यांची धुतली नाही त्या घरच्या बायांना चैन पडायचं नाही. संक्रांतीपर्यंत बटणांचा मोबाईल घ्यावा लागला. होळीपर्यंत गल्लीतल्या दोघी बाया ताईच्या हाताखाली शिकून तयार झाल्या. स्वयंपाकघराची भिंत कोळशाने भरली, मग ओसरीची भरली. आई नळावर आता आपणहून सांगायला लागली, "कुसुमले वेळ नाही वं. पुढच्या नळाले पाह्यतो."

आणि पुन्हा आखाजी आली, आणि मोबाईल वाजला. तात्यांच्या बायकोचा, काकूंचा फोन. "टाकीवाल्या ताईले धाडजो बाबू. सुना म्हणतात तिच्याशिवाय नाही पाहिजे."

मी ताईला नुसतं गावाचं नाव सांगितलं. तिने कोणाचं घर ते विचारलं नाही. बादलीत शेंडी टाकत म्हणाली, "तिथली कड खरबरीत हाय. चिंच जास्त घे."

मला झोप, जेवण काही सुचेना. तात्यांनी मला वर्षापूर्वी ज्या तोंडाने विचारलं होतं त्याच तोंडाने पुन्हा विचारलं तर? पितरांचं पाणी बाटवलं म्हणून टाकी ओतून दिली, आणि आखाजीच्या तोंडावर चार गावांत तसा शब्द फिरला, तर दसऱ्यापासून उभं केलेलं एका दिवसात बसणार होतं. आणि ते माझं एकट्याचं नव्हतं. ताई होती, तिच्या हाताखालच्या दोघी होत्या. जाताना मोपेडवर मी एक खोटं तयार करत होतो. मागच्या वेळी दुसरा माणूस होता, तो सोडून गेला, यंदा नाइलाजाने बहीण आणली. चांगलं खोटं होतं. कोणी पकडलं नसतं.

ताई अंगणातून सरळ गेली, काकूंना नमस्कार केला, जिना चढली, काचा घट्ट केला आणि त्या चौकोनी तोंडातून आत गेली. आणि गायला लागली.

"टाकी वं टाकी, पाणी कोणाचं?
सासूचं, सुनेचं, अन् गेलेल्यायचं!"

बुटकं छत, सिमेंटची टाकी. आवाज अंगणभर भरला. सुना दारात आल्या. तात्या ओसरीवर बसले होते, ते उठले, अंगणात आले आणि वर पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"मांगच्या साली कोण होतं आत?"

तयार केलेलं खोटं जिभेवर होतं. त्याच वेळी गाणं थांबलं. टाकीतून काहीच आवाज येईना, घासायचाही नाही. आणि तेव्हा, वर्षभरानंतर, मला कळलं की आत ऐकू येतं. मागच्या वेळी घासणं असंच थांबलं होतं.

"हाच माणूस होता तात्या," मी म्हणालो. "माही बहीण. तुमच्यापाशी मी लबाड बोललो."

तात्यांचा चेहरा लाल झाला. "माह्या घरात उभा राहून? पितरायच्या पाण्यावर लबाड बोलला बे तू?"

"हाव."

"नाही पाहिजे ह्या टाकीचं पाणी! दुसरं आणा—"

"काऊन नाही पाहिजे?" काकू पदर खोचत पुढे आल्या. "वरीसभर तेच पाणी प्याले तुम्ही. मांगच्या आखाजीले घागर भरली, तुमच्या बापानं नाही म्हटलं काय? उलटं यंदा तूर कधी नाही ते झाली. अन् ह्या घरची घागर भरते कोण? मीच ना? मी बाई नाही काय?"

सुना पदरात तोंड लपवून हसू लागल्या. तात्यांनी बायकोकडे पाहिलं, सुनांकडे पाहिलं. शेवटी पुन्हा ओसरीवर जाऊन बसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तिचं राहू दे. पण ह्याले चहा देऊ नका."

तो चहा मला त्या घरात पुढे तीन वर्षं मिळाला नाही. ताईला मिळत राहिला, आणि पुढच्या साली त्या गावच्या पाण्याच्या मोठ्या टाकीचं काम आलं ते तात्यांनीच सुचवल्यामुळे, तेही ताईच्या नावाने. पण त्या क्षणी मला यातलं काही दिसत नव्हतं. मी तात्यांजवळ कबुली दिली होती. ज्याच्याजवळ द्यायला हवी होती तो माणूस वर होता, गप्प.

मी जिना चढलो. टाकीच्या तोंडाशी गुडघे टेकले. आत अंधार, चिंचेचा वास, आणि तळातून वर पाहणारे तिचे डोळे. या वेळी तोंडावर रुमाल नव्हता आणि मी त्यांच्याकडे पाहिलं.

"ताई," मी हळूच म्हणालो, खाली अंगणात जाऊ नये म्हणून, "चुकलं माह्यं."

आत तिने हातातली शेंडी बादलीत टाकली.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

टाकीत सगळं ऐकू येतं. ते तिला माहीत होतं, आता मलाही माहीत होतं. अंगणात काकू, सुना आणि ओसरीवरून उठून आलेले तात्या, सगळे मान वर करून उभे होते. मी दोन्ही हातांनी कड धरली, जाईल तितकं डोकं त्या तोंडातून आत घातलं आणि छातीत होता तेवढा आवाज काढून म्हणालो, "चुकलो मी, कुसुमताई! घरात बसून तू नव्हती, मी होतो. माफ कर मले!" आणि त्या टाकीने ते माझ्या आवाजात पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं.